थेंब पडतो कुठे, गळती असते कुठे



इंजिनातून तेल गळू लागले की आपण काय करतो? खाली एक जुने डबडे सरकवतो. डबडे भरले की तेच तेल फडक्यातून गाळून पुन्हा इंजिनात ओततो आणि ‘जुने इंजिन म्हटले की गळायचेच’ अशी मनाची समजूत घालतो. कृषी खात्याच्या नोकरीत गावोगाव फिरताना अशी डबडी मी पुष्कळ पाहिली. ते डबडे किती महाग पडते, याचा एकदा हिशेब मांडून पाहा.

दर दोन सेकंदांना एक थेंब, म्हणजे मिनिटाला ३० थेंब. २५ थेंबांचे एक मिलिलिटर धरले, तर तासाला ७२ मिलिलिटर तेल गेले. सहा तास इंजिन चालले की जवळजवळ अर्धा लिटर. पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनाच्या पोटात तेल असते साडेतीन-चार लिटर. आठवडाभर पट्टी पाहिली नाही, तर पिस्टन कोरडा पडून इंजिन जाम होणारच. त्यातून इंजिन विहिरीच्या काठावर असेल, तर ते तेल जाते कुठे, हे मी सांगायला नको.

एके काळी आपल्या विहिरींवर मोट चालायची. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि पुढच्या काळात डिझेल इंजिन खेडोपाडी पोचले. आता विजेच्या मोटारी आहेत, सौरपंप आहेत. तरी डीपी जळाली की झाकून ठेवलेल्या इंजिनाचीच आठवण होते.

२०१८ साली असेच झाले. त्या ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आपल्या नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातले, बरेच तालुके त्यात होते. पाथर्डी तालुक्यातल्या डोंगरकडेच्या एका वस्तीवर मी पीकपाहणीसाठी गेलो होतो. तीस गुंठे कांदा, विहिरीला दीड-दोन तासांचे पाणी, आणि डीपी जळून बारा दिवस झालेले. म्हणून जूनपासून बंद असलेले इंजिन बाहेर काढले होते. कोणत्या कंपनीचे ते विचारू नका. हा आजार कोणत्याही इंजिनाला होतो.

मी बांधावरून येतो तोच घरातल्या आजींनी हंडा पुढे केला. म्हणाल्या, “सायेब, हे पानी बघा. इंद्रधनुष्य दिसतंय का न्हाई यात?” पाण्यावर तेलाचा तवंग होता. त्याच विहिरीचे पाणी घर पीत होते, दोन म्हशी पीत होत्या. कांदा गेला तर एक हंगाम जातो. पिण्याचे पाणी गेले तर त्या साली दुसरे आणायचे कुठून?

चाकाच्या बाजूने तेल गळते म्हणून मिस्तरीने तिथले ऑईल सील तीनदा बदलले होते. माणूस कष्टाळू होता, कामात कसूर नव्हती. पण नवे सील घातले की दोन दिवस बरे, पुन्हा धार सुरू. आता तो म्हणत होता की क्रँकलाच खाच पडली असेल, इंजिन उतरवून नगरला न्यावे लागेल. म्हणजे आठ-दहा दिवस आणि काही हजार रुपये. तोवर कांदा उभा राहिला नसता.

राहुरीच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी.ला असताना शेती-यंत्रांचा विषय आम्हाला होता. तिथला एक धडा जन्मभर उपयोगी पडला. तेल वरून खाली ओघळते, चाकाचा वारा ते मागे उडवतो आणि शेवटी सर्वांत खालच्या बोल्टवरून ते टपकते. म्हणून जिथे थेंब पडतो तिथेच गळती आहे असे धरून चालू नये. आधी पुसावे, मग पाहावे.

आम्ही इंजिन डिझेल आणि ब्रशाने धुतले. चिंध्यांनी कोरडे खणखणीत केले. शाळेतून आणलेल्या खडूची पूड सगळ्या जोडांवर भुरभुरली आणि दहा मिनिटे इंजिन चालवले. पांढरे जिथे आधी काळे होईल, तिथे गळती. एरवी एक जागा काळी होते. इथे तीन झाल्या: चाकाकडचे सील, बाजूचे झाकण आणि वरचे टॅपेटचे झाकण.

तीन जोड एकाच वेळी कसे बिघडतील? सील तर चार दिवसांपूर्वीचे होते. मी विचारले, “रोज इंजिन सुरू कोण करतं?” घरातली सून पुढे आली. म्हणाली, “मीच करते. बंद असलं की थेंब पडत नाही बघा. चालू झालं की पाझरतं. आणि ती तेलाची पट्टी आपोआप वर उडते, म्हणून मी तिला चिंधीनं बांधून ठेवलीय.”

“ताई, हे मिस्तरींना सांगितलं होतं का?”

“मला कुणी विचारलंच नाही, साहेब.”

रोग त्या चिंधीपाशीच होता. पट्टी उडते याचा अर्थ इंजिनाच्या पोटात हवेचा दाब साठतो आहे. पिस्टन खाली आला की पोटातली हवा दाबली जाते. ती बाहेर जावी म्हणून इंजिनाला ब्रीदर असतो, म्हणजे श्वास सोडायची वाट. त्यात एक पातळ चकती असते. ती हवा बाहेर सोडते, पण परत आत घेत नाही. त्यामुळे पोटात किंचित ओढ राहते आणि तेल आतच थांबते. ही वाट बुजली की हवा मिळेल त्या फटीतून निघते आणि तेलालाही बरोबर घेऊन जाते. मग सील सोन्याचे घाला, तेही गळेल.

खात्रीसाठी इंजिन हळू चालवून तेल भरायचे झाकण काढले. सीलमधून येणारे तेल थांबले. ब्रीदर उघडला, तर नळीच्या तोंडात कुंभारमाशीचे मातीचे घर! पावसाळाभर इंजिन बंद, माशीला आयती जागा मिळाली. आतली चकतीही काजळीने चिकटलेली. मिस्तरीने स्वतः ती डिझेलमध्ये धुतली आणि जशी होती तशीच, उलटसुलट न करता, बसवली. बाजूच्या झाकणाचे फाटलेले कागदी पॅकिंग तेवढे नवे घातले. पुन्हा खडू लावून दोन तास इंजिन चालवले. खडू पांढरा तो पांढराच राहिला.

विहिरीतला तवंग जुने सुती धडपे पाण्यावर पसरून टिपून काढावा लागला. पाणी उकळल्याने तेल जात नाही, हे ध्यानात ठेवा. पाणी उपसून नवे झरेपर्यंत त्या घराने पिण्यासाठी टँकरचेच पाणी वापरले. इंजिनाचा ओटा मग काठापासून मागे घेतला आणि त्याला विहिरीच्या उलट दिशेला उतार दिला.

आपल्याकडे इंजिन असो की ट्रॅक्टर, तेल गळू लागले तर या क्रमाने चला. प्रथम तेलाची पातळी पाहा. ती खुणेच्या वर असेल तर जादा तेल काढा. न भरताच पातळी वाढत असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल आत उतरते आहे. आधी ते दुरुस्त करा. मग ब्रीदर साफ करा. ब्रीदर साफ असूनही तेलाच्या झाकणातून धुराचे लोट येत असतील, तर रिंगा झिजल्या आहेत. तिथे सील बदलून भागणार नाही. त्यानंतर धुऊन, पुसून, खडू लावून सर्वांत वरची ओली जागा शोधा. बोल्ट सैल असेल तर बेताने आवळा. फार आवळला तर झाकण वाकते आणि गळती वाढते. सील बदलायचे ते सर्वांत शेवटी. हे सारे करताना चालत्या चाकाजवळ पदर, धोतर, मफलर जाऊ देऊ नका, आणि मुलांना दूर ठेवा.

बंद ठेवायच्या इंजिनाच्या नळ्यांवर कापड बांधा; सुरू करण्यापूर्वी ते आठवणीने सोडा. काढलेले काळे तेल ओढ्यात किंवा उकिरड्यावर ओतू नका. डब्यात साठवून, जुने तेल रीतसर गोळा करणाऱ्याकडे द्या.

आणि भगिनींनो, यंत्र चालवताना तुम्हाला काही वेगळे दिसले, वास आला, आवाज बदलला, तर कुणी विचारायची वाट पाहू नका. मिस्तरी महिन्यातून एकदा येतो. तुम्ही रोज तिथे असता.