चौथ्या दाखल्याला बंद पडणारे ॲप

आपल्या वस्त्यांतून आता पुष्कळ मुलेमुली 'कॉम्प्युटरमध्ये' आहेत. पण ती दिवसभर नेमके काय करतात, हे घरच्यांना सांगता येत नाही. आम्ही चौघेजण पुण्यात मोबाईलची ॲप तयार करतो. त्या कामातला एक अनुभव वाचकांपुढे ठेवीत आहोत.

२०१९ साली शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे एक जुने ॲप आमच्याकडे दुरुस्तीला आले. अर्ज भरता भरता ते अचानक बंद पडे आणि भरलेले सारे पुसले जाई. ऑफिसातल्या सहा जीबी रॅमच्या फोनवर मात्र ते एकदाही बंद पडले नाही. मग आमच्यातल्या एकीने धाकट्या भावाचा एक जीबीचा फोन आणला. त्यावर चौथ्या दाखल्याला ॲप बंद!

रॅम म्हणजे दहा बाय दहाची खोली समजा. तिथेच स्वयंपाक, तिथेच अभ्यास, रात्री तिथेच अंथरूण. सकाळी अंथरुणे उचलली तरच घर चालते. अँड्रॉइड फोनमध्ये हे उचलण्याचे काम 'गार्बेज कलेक्टर' करतो. पण अंथरुणाचे एक टोक जरी कोणी धरून बसले, तर तो त्याला हात लावीत नाही.

इथे तेच घडत होते. दाखल्याचा फोटो काढण्यासाठी मुले फोन आडवा धरीत. फोन फिरला की अँड्रॉइड जुनी स्क्रीन मोडून नवी उभी करते. पण फोटो पाठवणारा भाग जुन्या स्क्रीनला, तिच्यातल्या फोटोसकट, धरूनच बसे. आठ मेगापिक्सेलचा फोटो उघडला की एका ठिपक्याला चार बाइट, म्हणजे सुमारे ३२ एमबी रॅम लागते. असे चार अडकले की १२८ एमबी! प्रत्येक ॲपला मेमरीची मर्यादा असते. त्या छोट्या फोनवर ती तिथेच संपली.

स्क्वेअर या कंपनीने २०१५ मध्ये 'लीककॅनरी' हे साधन मोफत खुले केले. कोण कोणाला धरून बसले आहे, याची साखळी ते दाखवते. त्यावरून पकड सापडली. स्क्रीन मोडताना ती सोडायची आणि फोटो लहान करूनच उघडायचा, एवढे आम्ही केले. मग त्याच फोनवर ओळीने वीस दाखले चढवले. ॲप चालूच राहिले.

दुरुस्ती दहा-बारा ओळींचीच. पण अर्जाची शेवटची तारीख टळली, तर मुलीचे वर्ष अडते. सायबर कॅफेच्या रांगेत आईचा एक दिवसाचा रोज बुडतो. वर मुलीलाच ऐकावे लागते, 'तुला साधा फॉर्म भरता येत नाही!'

म्हणून या क्षेत्रातल्या आपल्या मुलामुलींना सांगणे आहे, की टेबलावर एक स्वस्त फोन ठेवा आणि आपले काम आधी त्यावर तपासा. आणि आईवडिलांनो, ॲप बंद पडले तर लेकरावर रागावू नका. त्याला सारे येत असते. अडलेले असते ते यंत्रात, आणि तिथले शोधून काढता येते.