मिनिटाचा भाव

समाधान मानण्यावर असते, असे आपल्याकडे म्हणतात. हे वचन नोकरीच्या बाबतीत कितपत टिकते, हा प्रश्न आम्हांला पडला तो हू आन्यान या चिनी लेखकामुळे. 'मी बीजिंगमध्ये पार्सले पोहोचवतो' हे त्यांचे आत्मकथन चीनमध्ये २०२३ साली प्रसिद्ध झाले. आम्ही ते इंग्रजी अनुवादातून वाचले.

पुस्तकातील एक हिशेब आमच्या मनातून जात नाही. महिन्याला सुमारे सात हजार युआन मिळवायचे, तर कामाच्या प्रत्येक मिनिटाला अर्धा युआन पडला पाहिजे. एका पार्सलामागे मिळणार दोनेक युआन. म्हणजे दर चार मिनिटांना एक पार्सल हातावेगळे व्हायला हवे. लघवीला जाऊन येण्यास दोन मिनिटे, म्हणजे एक युआन. जेवणाला वीस मिनिटे, म्हणजे दहा युआन, शिवाय जेवणाचे पैसे वेगळे. तेव्हा पाणी बेताने प्यायचे आणि दुपारचे जेवण बहुधा टाळायचे! हे सारे हू कसलाही आक्रोश न करता सांगतात, आणि म्हणूनच ते अधिक बोचते. दार उघडायला वेळ लावणारे गिऱ्हाईक मग माणूस उरत नाही. ते केवळ बुडालेली मिनिटे होते. आपण चिडखोर होत गेलो, हेही ते लपवत नाहीत.

चीनचा कामगार कायदा १९९५पासून लागू आहे. दिवसाला आठ तास, आठवड्याला सरासरी चव्वेचाळीस आणि जादा काम महिन्याला छत्तीस तासांपर्यंत, अशी त्यातील मर्यादा. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, ही '९९६' नावाने ओळखली जाणारी पद्धत बेकायदेशीर असल्याचे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२१च्या ऑगस्टमध्ये स्पष्टही केले. पण कायदा तास मोजतो, आणि नगावर मजुरी मिळवणारा माणूस मिनिटांत जगतो. त्याच्यावर पाळत ठेवायला मुकादम लागत नाही. तो मुकादम त्याच्या आतच बसलेला असतो.

हू यांची कंपनी बंद व्हायला आली, तेव्हा पार्सले घटली आणि घाईही ओसरली. माणूस तोच, रस्ते तेच. तरी त्यांच्या लेखनातला सूर निवळतो, भोवतालच्या माणसांकडे पाहायला त्यांना सवड मिळते. स्वभाव म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो, त्यातला केवढा तरी भाग कामाच्या मांडणीने घडवलेला असतो. समाधान मानण्यावर असेलही. परंतु ते मानायलाही चार मिनिटे मोकळी लागतात.