छर्ऱ्यांचा हिशेब

दसऱ्याला शस्त्रांची पूजा करावी असं शास्त्र सांगतं. आमच्या घराण्यात शस्त्र म्हणून आजवर कॅल्क्युलेटर, शाईचं पेन आणि दारातली स्कूटर यांचीच पूजा होत आली. एका वर्षी वडिलांनी त्यात अडकित्ता मांडला होता, तेवढीच काय ती घराण्याची लढाऊ परंपरा. २०२५च्या दसऱ्याला मात्र पाटावर एक खरंखुरं पिस्तूल होतं. सौभाग्यवतींनी त्याला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि न जाणो, म्हणून दोन हात लांब सरकून नमस्कार केला.

आता बीड आणि पिस्तूल हे दोन शब्द एका वाक्यात आले की वाचकांच्या मनात काय येतं ते मला ठाऊक आहे. डिसेंबर २०२४मध्ये आमच्या जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली आणि मग इथं परवान्याची हत्यारं किती, याची मोजदाद निघाली. आकडा बाराशेच्या पुढं गेला. पुढं त्यातले शंभरावर परवाने रद्दही झाले; पण तोवर कमरेला पिस्तूल खोचलेले फोटो आणि हवेत बार काढतानाचे व्हिडिओ साऱ्या महाराष्ट्रानं पाहून घेतले होते. पुण्याच्या मेहुण्यानं तर फोन करून मला विचारलं, "दाजी, तुम्ही कुठलं वापरता?"

आमचं पिस्तूल त्या जातीचं नव्हे. ते एअर पिस्तूल, नेमबाजीच्या स्पर्धेतलं. त्यातून साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा दाबलेल्या हवेच्या जोरावर बाहेर पडतो आणि आवाज होतो नुसता फट्. दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल याहून मोठ्यानं बोलतं. याला परवाना लागत नाही. लागतं ते कर्ज, कारण परदेशी बनावटीचं असेल तर किंमत लाखाच्या वर जाते. मी अर्ज घेऊन आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कशासाठी?" मी म्हणालो, "पिस्तूल घ्यायचंय." वीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली ती त्या दिवशी.

हे सगळं आमच्या कन्येपायी. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरनं पिस्तुलात दोन कांस्यपदकं मिळवली, ती हिनं मोबाईलवर पाहिली. त्याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये कांस्य घेतलं. तो तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. बीडला रेल्वेच मुळी सप्टेंबर २०२५मध्ये आली, तेव्हा आपल्याकडून असा नेमबाज निघणार कसा, हा माझा बिनतोड मुद्दा तिनं कानावर घेतला नाही. वर्षभर अकॅडमीच्या पिस्तुलावर हात बसवला आणि मग स्वतःचं मागितलं.

मला त्या ऑलिंपिकमधला आवडला तो तुर्कस्तानचा युसूफ डिकेच. वय ५१. साधा चष्मा, अंगात टी-शर्ट, एक हात पँटच्या खिशात. बाकीचे नेमबाज डोळ्यांवर घड्याळजीसारखी भिंगं आणि झापडं लावून उभे, आणि हा गृहस्थ पेन्शन जमा झाली का विचारायला आल्यासारखा आला आणि मिश्र सांघिक पिस्तुलात रौप्यपदक घेऊन गेला. चष्मा माझ्याकडे आहे, खिसा आहे, वयही फार मागं नाही. नव्या पिस्तुलाची पहिली फैर आपणच झाडायची, असं मी ठरवून टाकलं. कन्या म्हणाली, "पप्पा, वीसच छर्रे हं."

अकॅडमी म्हणजे गावाबाहेर एका मंगल कार्यालयामागची पत्र्याची लांबट शेड. कोच सैन्यातले निवृत्त हवालदार. त्यांनी मला रेषेवर आडवं उभं केलं, डावा हात खिशात घालायला सांगितला (इथवर माझी प्रगती उत्तम होती) आणि समोर बोट दाखवलं. दहा मीटरवर, खाली-वर मिळून माझ्या वीतभर रुंदीचं एक कार्ड लटकत होतं. मधलं काळं वर्तुळ सहा सेंटिमीटरचं, आणि त्या काळ्याच्या पोटात दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. मला ते दिसलं नाही. आहे असं समजून चाललो. बँकेत आम्ही बऱ्याच तारणांच्या बाबतीत हेच करतो.

"कार्डाकडं बघायचं नाही," कोच म्हणाले.

"मग?"

"पिस्तुलाच्या टोकाची माशी बघायची." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो इवलासा खुंट. तो मागच्या खाचेत बरोबर मधोमध दिसला पाहिजे, तो स्पष्ट आणि पलीकडचं लक्ष्य धूसर. मला लहानपणापासून शिकवलं होतं की अर्जुनाला फक्त पोपटाचा डोळा दिसत होता. कोचांच्या हाताखाली अर्जुन पहिल्याच आठवड्यात नापास झाला असता.

माझी अडचण अर्जुनाहून वेगळी होती. चाळिशी लागलेल्या माणसाच्या चष्म्याला दोन मजले असतात. खालचा वाचायला, वरचा रस्त्याला. लांब केलेल्या हाताच्या टोकाची माशी नेमकी मधल्या जिन्यात अडकते. मान वर केली की स्वतःचं मनगट दिसे, खाली केली की कार्ड दिसे, आणि माशी कुठंच नाही. शिवाय किलोभर वजन एका हातावर तोलून धरायचं. पाच सेकंदांत पिस्तुलाचं टोक हवेत माझी सही करू लागलं.

"चाप दाबू नका साहेब. दाबला जाऊ द्या. कधी सुटला ते तुम्हालाबी कळायला नको." नियमानं त्या चापाला निदान ५०० ग्रॅमचा ताण लागतो, आणि तो बोटानं इतका हळू वाढवत न्यायचा की मनाला पत्ता लागू नये. काम आपण करायचं नाही, होऊ द्यायचं. हे तंत्र मी नोकरीला लागल्यापासून वापरतो आहे. त्यामुळे पहिला छर्रा सुटला तो खरोखरच मला न कळवता.

दुसरा सुटला. तिसऱ्याला कार्डाच्या पांढऱ्या कोपऱ्यात का होईना, भोक पडलेलं दिसलं आणि आनंदाच्या भरात, "बघितलंस का गं!" म्हणत मी हातातल्या पिस्तुलासकट कन्येकडे वळलो.

शेडमधली सगळी माणसं एकदम खाली वाकली. कोच ओरडले, "नळी समोर!" हा आवाज मी आजवर ऐकलेल्या कुठल्याही आवाजापेक्षा मोठा होता. पिस्तूल माझ्या हातातून काढून घेतलं गेलं, नळीत नारिंगी दोरी ओवली गेली आणि मला शाळेतल्यासारखं बाकावर बसवण्यात आलं.

"रिकामं होतं हो," मी पुटपुटलो. खरं तर मलाच नक्की माहीत नव्हतं.

"रिकामं पिस्तूल असं काही नसतं साहेब," कोच म्हणाले. "तीस वर्षं बंदूक वागवली. कुणाकडं नळी वळली नाही, हीच कमाई." मग जरा थांबून म्हणाले, "इथं लग्नात वर उडवतेत. वर गेलेली खाली कुठं येते ते कुणी बघतंय का?" कन्या माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या मैत्रिणी बघत होत्या.

दहा मिनिटांनी शिक्षा संपली. उरलेले छर्रे मी असे झाडले की मानही वळवली नाही. मग दोरी ओढून कार्ड जवळ आणलं आणि माझ्यातला रोखपाल जागा झाला. छर्रे दिले वीस. कार्डावर भोकं तेरा. सात कमी. दिवसअखेर सात रुपयांचा फरक निघाला तरी आम्ही घरी जात नाही. मी शोध सुरू केला. शेजारच्या मुलाच्या कार्डावर त्यानं न मारलेली दोन भोकं सापडली. म्हणजे चुकीच्या खात्यात जमा. मी ती माझ्या नावे वर्ग करून मागितली तर कोच म्हणाले, दुसऱ्याच्या कार्डावर मारलं की मारणाऱ्याला शून्य. उरले पाच. "एकाच भोकातून दोन-दोन गेले असतील," मी सुचवलं. कन्या म्हणाली, "पप्पा, ते भिंतीत गेलेत." एकूण गुण २००पैकी ६१. मनू भाकरनं पॅरिसच्या पात्रता फेरीत ६००पैकी ५८० केले होते. साठ छर्ऱ्यांत फक्त वीस गुण सांडले. मी माझं कार्ड घडी करून पाकिटात ठेवलं.

खरी गंमत पुढं आहे. गंमत तरी कशी म्हणावी?

पिस्तुलाची काळी पेटी हातात घेऊन मी गल्लीतून दोनदा गेलो-आलो, आणि "साहेबांनी घेतलं" ही बातमी बार्शी नाक्यापर्यंत पोचली. दुधातलं पाणी कमी झालं. आमच्या फाटकासमोर आडवी लागणारी एक जीप आपण होऊन दुसरीकडे लागू लागली. तिच्यासाठी मी तीन वर्षं हात जोडत होतो. बँकेत आमचा गनमन, ज्याची बारा बोर कधी उडाल्याचं मला आठवत नाही, मला बरोबरीच्या नात्यानं तंबाखू विचारू लागला. ते हवेचं आहे, लेकीचं आहे, हे मी कुणाला सांगितलं का? नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मी मनाची समजूत घातली. कन्या एकदा म्हणालीही, "मला पिस्तूलवाल्याची पोरगी म्हणायलेत. नेम मी धरते, अन् नाव तुमचं!" मी हसण्यावारी नेलं. वीस वर्षं काऊंटरच्या जाळीमागून बोलणी खाल्लेल्या माणसाला ते आवडलं होतं, हे कबूल करतो.

मग त्या महिन्यात निराधार योजनेचे पैसे काढायला आजी आल्या. पंधराशे रुपये, पाचशेच्या तीन नोटा. दर महिन्याला या आजी एक तरी नोट परत करणार म्हणजे करणार. "कोपरा कुरतडलाय. उंदरानं खाल्लेली मला, अन् कडक कडक त्या ठेकेदाराला, व्हय रं बापा?" माझ्या साऱ्या बँक-कारकिर्दीचं परखड मूल्यमापन फक्त याच बाईंनी केलेलं आहे. त्या दिवशी तिन्हीतली एक नोट खरंच फाटकी, चिकटपट्टी लावलेली गेली. आजींनी अंगठा दिला, नोटा पदरात बांधल्या, म्हणाल्या, "येते साहेब," आणि गेल्या.

आजी मला कधी साहेब म्हणत नसत. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "मघा बाकड्यावर म्हणत होती, आता कशाला भांडू, त्याच्याकडं बी हाय म्हणे."

मी काऊंटरवर 'कृपया थांबा'ची पाटी ठेवली आणि कोरी नोट घेऊन पायऱ्यांपर्यंत धावलो. आजी चप्पल शोधत होत्या. मला बघून बाजूला सरल्या, भिंतीला लागून. मी नोट पुढं केली. "राहू द्या साहेब," त्या म्हणाल्या. काय बोलावं ते सुचेना. शेवटी पाकिटातलं ते कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं.

"हे काय?"

"माझा नेम. त्या काळ्यात मारायचं असतं. हवेचं पिस्तूल आहे आजी, लेकीच्या खेळाचं."

त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, बोटानं भोकं चाचपली. "काळ्यात तीनच की रं. किती लांबून?"

"इथून त्या पानटपरीपर्यंत."

आजींनी पानटपरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की गनमन बाहेर आला. "माझा नातू बेचकीनं यापरास लांबची चिंच पाडतो," त्या म्हणाल्या, पदराची गाठ सोडून फाटकी नोट माझ्या हातावर ठेवली आणि कोरी घेतली.

दुसऱ्या दिवशी ती जीप पुन्हा आमच्या फाटकासमोर आडवी लागली. गनमननं तंबाखू विचारणं बंद केलं.

पुढच्या महिन्यात आजी आल्या. तीन नोटा मोजल्या, एकेक उजेडात धरली आणि एक खिडकीतून परत आत सरकवली.

"ही बदल. अन् नीट बघून दे, तुझा नेम मला ठावं हाय."