तेरहचे वय

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

काल सिनेगॉगमध्ये तोराहमधला नोहाचा भाग वाचून झाला. जलप्रलय आणि बाबेलचा बुरूज यांवर सगळे बोलतात, शेवटच्या ओळींकडे फारसे कुणी वळत नाही. तिथे तेरह आपला मुलगा अब्राम, सून साराय आणि नातू लोट यांना घेऊन ऊर नगरीतून निघतो. जायचे असते कनानला, पण हारानला पोचतो आणि तिथेच राहतो. का, ते ग्रंथ सांगत नाही. म्हणजे कनानची ही वाट मुळात बापाने धरलेली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या ‘लेख लेखा’ हा पुढचा भाग. देश, गोत आणि बापाचे घर सोडून निघ, ही देवाची अब्रामला आज्ञा. अब्राम तेव्हा ७५ वर्षांचा, साराय ६५ची. आज हिशेब मांडला. तेरह ७० वर्षांचा असताना अब्राम झाला, तर मुलगा निघाला तेव्हा तो १४५चा असणार. तो जगला २०५ वर्षे. म्हणजे पुढची ६० वर्षे म्हातारा हारानमध्ये मुलाशिवाय राहिला!

ग्रंथात मात्र तेरहचा मृत्यू अब्राम निघण्याआधीच सांगून टाकला आहे. अकराव्या शतकातल्या फ्रान्सच्या राशी या भाष्यकाराने याचे कारण दिले आहे: म्हाताऱ्या बापाला टाकून गेला, असे लोकांनी अब्रामला म्हणू नये. या उत्तराने माझे समाधान होत नाही. पण राशीला तो म्हातारा दिसला, याबद्दल मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो.

आम्हा बेने इस्रायल ज्यूंना हा हिशेब परका नाही. १९४८ नंतर कोकणातली घरामागून घरे इस्रायलला गेली. पेणकर, रोहेकर ही आडनावे तिकडे गेली, काही घरांतले आईबाप इकडेच राहिले.

१० नोव्हेंबर, रविवार

अब्राम कनानला पोचतो. शखेमला वेदी, बेथेलजवळ वेदी. आणि लगेच दुष्काळ पडतो, इजिप्त गाठावे लागते.

२४ नोव्हेंबर, रविवार

कालच्या वाचनात सारा, म्हणजे आधीची साराय, गेली, हेब्रोनला, १२७ वर्षांची. हा देश तुझ्या वंशाला देईन, हे देवाचे वचन मिळून ६० वर्षे उलटून गेलेली, आणि अब्राहामकडे, म्हणजे आधीच्या अब्रामकडे, तिला पुरायला हातभर जागा नाही. मी तुमच्यातला उपरा, असे तो हित्ती लोकांना सांगतो. त्यांच्यातला एफ्रोन आधी जमीन अशीच देऊ करतो, मग ४०० शेकेल रुपे सांगतो. अब्राहाम घासाघीस करत नाही, सगळ्यांसमोर तोलून देतो. ‘लेख लेखा’ शिकवताना मुलांना हा व्यवहारही शिकवावा. कनानात अब्राहामच्या मालकीची झालेली पहिली जमीन मकपेलाची, बायकोच्या कबरीसाठी घेतलेली.