हरणं पाण्याकाठीच का मरतात?



आज पिकाचं नाही, हरणाचं लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचा, कारण विषय फिरून आपल्या मेंढरांच्या वाड्यावर आणि गुरांच्या हौदावर येणार आहे.

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं फार. आपल्याकडं रानडुकरं जशी पिकात शिरतात तशी तिकडं ही हरणं मक्यात आणि सोयाबीनमध्ये शिरतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर या दिवसांत कधीकधी ती पटापट मरायला लागतात. मेलेलं हरिण सापडतं ते बहुतेक करून तळ्याच्या, ओढ्याच्या काठाला, नाहीतर चक्क पाण्यात. त्यामुळं आधी लोकांना वाटायचं की पाण्यात कुणी विष कालवलं.

माझी लेक आणि जावईबापू मिसुरी राज्यात असतात. दोन वर्षांपूर्वी तीन महिने त्यांच्याकडं होतो. घरात बसून करमेना म्हणून शेजारच्या एका शेतकऱ्याच्या रानात रोज चक्कर. साठीचा माणूस, मका-सोयाबीन आणि चाळीसेक मांसाची गुरं. भाषा त्याची मला येत नाही, माझी त्याला येत नाही. लेक सोबत असली की बोलणं व्हायचं, नसली की हातवारे. सप्टेंबरात त्याच्या गुरांच्या तळ्यावर दोन हरणं मेलेली दिसली. एकाची जीभ बाहेर, सुजलेली, निळसर. मी लेकीला म्हणलं, "अगं, ही तर आपल्या मेंढराची निळी जीभ." तिनं त्याला सांगितलं. तो म्हणाला, जवळजवळ तेच, चुलतभाऊ म्हण. मग त्यानं आणि लेकीनं मिळून जे समजावलं आणि नंतर मी विचारून, वाचून जे गोळा केलं, ते खाली देतोय.

त्या रोगाचं नाव एपिझूटिक हेमोरेजिक डिसीज, थोडक्यात ईएचडी. 1955 साली न्यू जर्सी राज्यात हरणं मेली तेव्हा तो पहिल्यांदा ओळखला गेला. विषाणूचा रोग आहे. आपली निळी जीभ आणि हा, दोन्ही विषाणू एकाच कुळातले. आणि दोघांना वाहून नेणारा कीटकही एकाच जातकुळीचा, क्युलिकॉइड्स नावाचं चिलट. डासापेक्षा बारीक, एक ते तीन मिलिमीटर. मच्छरदाणीच्या साध्या जाळीतनं आरपार जातं. संध्याकाळी, रात्री आणि पहाटे चावतं.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हा रोग हरणाला हरिण घासून सहसा होत नाही. आजारी जनावराचं रक्त चिलटानं प्यायचं, मग सात ते चौदा दिवस त्याच्या अंगात विषाणू वाढायचा, आणि मग ते दुसऱ्याला चावलं की रोग गेला. उन्हाळा कडक असला की विषाणू चिलटात लवकर वाढतो. चावल्यापासून पाच ते दहा दिवसांत हरणाला ताप. तोंडाला फेस, डोकं-मान सुजणं, आत रक्तस्राव. लक्षणं दिसल्यावर बऱ्याचदा एक-दीड दिवसात खेळ खलास. अंग भाजतंय, घसा सुकलाय, म्हणून ते पाण्याकडं जातं आणि तिथंच पडतं. काठाला मरण्याचं कारण हे. जी वाचतात त्यांच्या खुराला पुढं भेगा पडतात, वाढ तुटते. माणसाला हा रोग होत नाही.

आता खरी गंमत इथं आहे. आपल्याला वाटेल, पाऊस जास्त, चिलटं जास्त, रोग जास्त. तिकडं सगळ्यात मोठी लाट आली ती 2012 साली, आणि ते दुष्काळाचं वर्ष होतं. एकट्या मिशिगन राज्यात बारा हजारांवर हरणं गेली. असं का? तळं आटतं तसा काठ उघडा पडतो. ओला, काळा, शेण-पाचोळा मिसळलेला चिखल. चिलटाची अळी वाढते ती नेमकी त्या चिखलात, खोल पाण्यात नाही. शिवाय पाणी राहिलं चार जागी, म्हणून सगळी जनावरं त्याच चार जागी गोळा. चिलटाला घरही तिथंच आणि जेवणही तिथंच. तळं भरलं, काठ उभा राहिला की चिखल कमी. थंडीत पहिलं गोठवणारं दव पडलं की चिलटं मरतात आणि रोग थांबतो. तिकडचे शेतकरी त्या पहिल्या थंडीची वाट आपण मृगाची बघतो तशी बघतात.

रोगाचा पट्टाही सरकतोय. दक्षिणेकडं, टेक्सासच्या बाजूला हरणांच्या पिढ्यान्‌पिढ्या या रोगासोबत गेल्या, तिथं मरतूक कमी. आईच्या चिकातून पाडसाला काही महिन्यांचं संरक्षणही मिळतं. उत्तरेकडच्या हरणांनी तो पाहिलेलाच नाही, तिथं गेला की झोडपून काढतो. न्यूयॉर्क राज्यात तो पहिल्यांदा 2007 साली सापडला. युरोपात तर 2022 च्या शेवटी इटली-स्पेनमध्ये आणि 2023 साली फ्रान्समध्ये हाच रोग गाईंत शिरला.

मग उपाय काय? मी त्या शेतकऱ्याला हेच विचारलं. त्यानं एक-एक बोट मोडत सांगितलं.

औषध नाही. लस आहे, पण ती बंदिस्त पाळलेल्या हरणांना किंवा गुरांना. रानातलं हरिण पकडून सुई कोण मारणार? धरताना दगावतील तीच जास्त. फवारणी? कोसभर ओढ्याच्या काठावर विष मारलं तर मासे, मधमाश्या, बेडूक आधी जातील. पाणीच बंद करावं? मग तहानेनं मरतील, नाहीतर उरलेल्या एका डबक्यावर आणखी गर्दी करतील.

राहतं काय, तर काठ. त्यानं त्याच्या तळ्याला तारेचं कुंपण केलं होतं. गुरं तळ्यात उतरत नाहीत. पाइपानं पाणी खाली हौदात आणलंय, हौदाभोवती खडी अंथरलीय, सांडणारं पाणी नळीनं लांब काढून दिलंय. गुरं पाण्यात उतरून शेण टाकत नाहीत, खुरानं काठ तुडवत नाहीत, म्हणून चिखल कमी. यानं जंगलातला रोग थांबतो असं त्यानं म्हणलं नाही, मीही म्हणत नाही. कॅलिफोर्नियात एका डेअरीवर सांडपाण्याची तळी काढून पाहिली, तरी चिलटं म्हणावी तशी घटली नाहीत, कारण आजूबाजूला दुसरा ओला चिखल होताच. एकट्याच्या बांधानं भागत नाही. पण आपल्या जनावराशेजारी आपणच चिलटाची पेरणी करायची नाही, एवढं तर आपल्या हातात आहे.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. मेलेलं हरिण दिसलं की लोक वन्यजीव खात्याला कळवतात. 1980 पासून जॉर्जिया विद्यापीठातली एक संस्था सगळ्या राज्यांकडनं दरवर्षी ही माहिती गोळा करते, कुठल्या तालुक्यात कधी मेली. मरतूक जास्त झाली की काही राज्यं त्या भागात शिकारीचे परवाने कमी करतात, म्हणजे उरलेला कळप सावरतो. औषध नसलं तरी नोंद आहे, आणि नोंदीवरनं निर्णय आहे.

आता आपल्याकडं या. भारतात निळी जीभ पहिल्यांदा नोंदली गेली ती 1964 साली, आपल्याच महाराष्ट्रात, शेळ्यामेंढ्यांत. म्हणजे रोग आपल्याला नवा नाही. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या वस्तीवर तो आला. मेंढपाळ मामांची नऊ मेंढरं पंधरा दिवसांत गेली. ज्याचं घर वाड्यावर चालतं त्याला नऊ मेंढरं म्हणजे काय, ते सांगायला नको. त्यानंतर पारावर बोलणं सुरू झालं, की हा रोग काळविटांनी आणला. आमचा भाग रेहेकुरीच्या अभयारण्याजवळचा. कळप ज्वारी-हरभऱ्यात शिरतात, त्यामुळं त्यांच्यावर राग आधीच. "पाण्यावर येऊच द्यायचं नाही, कुत्री सोडा," इथवर गोष्ट गेली.

मी मामांना म्हणलं, "मामा, मेंढरं गेली याचं दुःख मलाबी आहे. पण हिशोब बघा. हा विषाणू गाई-म्हशींच्या रक्तात कितीतरी आठवडे राहतो आणि बहुतेक वेळा गाय आजारी दिसतसुद्धा नाही. मग काळवीट मैलभर लांब, आणि गाय तुमच्या वाड्याशेजारी दावणीला. दोष द्यायचाच तर आधी कुणाला द्याल?" मामा म्हणाले, "मग गाईबी हाकलू का?" म्हणलं, "नाही. चिखल हाकला."

काळवीट मारलं तर वन्यजीव कायद्यानं जेल आहे, ते वेगळंच. पण कायदा नसता तरी मारून रोग गेला नसता. चिलट दुसरं जनावर शोधतं, आणि दुसरं जनावर म्हणजे आपलंच.

मामांच्या वाड्यापासून वीस पावलांवर वस्तीचा सार्वजनिक हौद. तोटी गळकी, सांडपाण्याचं डबकं बारमाही, त्यात शेळ्या, गुरं, मेंढरं आणि रात्री काळवीट, सगळ्यांची लेंडी आणि शेण. आम्ही चार घरांनी मिळून तोटी बदलली, हौदाभोवती मुरूम-खडी टाकली आणि सांड शेवग्याच्या दोन ओळींना काढून दिला. दीड दिवसाचं काम. मामांनी वाडा उंच, वाऱ्याच्या जागी हलवला. मेंढरांना लस राहिली होती, ती यंदा पावसाआधी करून घेतली. यानं रोग येणारच नाही असं मी छातीठोक सांगणार नाही, पण डबकं गेलं हे डोळ्यांनी दिसतंय.

तुमच्यासाठी थोडक्यात:

• मेंढरांना निळ्या जिभेची लस पावसाळ्याआधी. आपल्याकडं पाच प्रकारच्या विषाणूंवर चालणारी एकत्र लस आहे. वय, गाभण मेंढी, दुसरा डोस हे पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारूनच.

• वाडा पाण्यापासून लांब आणि उंचावर. शक्य असेल तर पाऊस सरताना रात्री जनावरं छपराखाली. कडुनिंबाचा धूर तेवढ्यापुरता उपयोगी पडतो, भरवसा त्यावर ठेवू नका.

• हौद, तोटी, शेततळ्याचा सांडवा बघा. आठवडाभर ओलं राहणारं शेणाचं डबकं दिसलं की ते बुजवा नाहीतर त्याचं पाणी झाडाला द्या.

• जंगली जनावरांसाठी पाणवठा करत असाल तर जरूर करा, पुण्य आहे. फक्त काठाला दगड-खडी लावा आणि आपल्या गुरांच्या पाण्यापासून तो लांब ठेवा.

• काळवीट, चितळ, चिंकारा मेलेलं दिसलं तर हात लावू नका. वनखात्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. तारीख आणि जागा वहीत लिहून ठेवा. पाच वर्षांनी ती वही लाखमोलाची ठरते.

पशुवैद्यकीय डॉक्टर आणि कृषी अधिकारी मंडळीही हे पान वाचतात. तुमच्या तालुक्यात निळी जीभ कुठल्या महिन्यात आणि कुठल्या पाण्याशेजारी जास्त दिसते, ते खाली जरूर लिहा. आपणच आपल्या भागाची नोंद सुरू करू.