मातुःश्रींची वाहिनी

ज्या वस्तूचा आपण चारचौघांत तिरस्कार केला, तिच्याविषयीं पंचवीस वर्षांनीं चार बरे शब्द लिहावयाची पाळी यावी, हें प्राध्यापकाच्या प्रतिष्ठेस फारसें शोभणारें नाहीं. परंतु आमच्यावर ती आली आहे खरी. वस्तु म्हणजे दूरचित्रवाणीवरील एक मराठी वाहिनी: खाजगी मालकीची, जाहिरातींवर पोसलेली, आणि १९९९ सालापासून आमच्या मातुःश्रींच्या संध्याकाळी अडवून बसलेली.

तिच्यापूर्वींचें आमचें दूरचित्रवाणीचें जग सरकारी होतें. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं वरळीस सुरू झालें, तेव्हां आम्ही पाळण्यांतून नुकतेच उतरलों होतों. कांहीं वर्षांनीं आमच्या गिरगांवच्या चाळींत पहिला संच आला, तो गॅलरीच्या टोंकाच्या बिऱ्हाडांत. 'गजरा' किंवा 'चिमणराव' असला म्हणजे त्या एवढ्याशा खोलींत मजल्यावरचीं सारीं मुलें मांडी घालून बसत, आणि मोठीं माणसें दारांत उभीं राहत. यजमानीणबाई चहा देत नसत, पण दारहि लावीत नसत. 'आमची माती, आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रमसुद्धां, ज्यांच्या मालकीची माती म्हणजे खिडकींतल्या तुळशीच्या कुंडींतली तेवढीच, असे कारकून मोठ्या निष्ठेनें पाहत असत. त्या निष्ठेला दुसरा पर्याय नव्हता, हें आज ध्यानांत येतें.

पुढें २ ऑक्टोबर १९९२ रोजीं, म्हणजे वरळीच्या केंद्राला बरोबर वीस वर्षें पुरीं झालीं त्याच दिवशीं, 'झी' ही हिंदी खाजगी वाहिनी सुरू झाली. तिचे संस्थापक सुभाष चंद्र हे हरियाणांतील हिसारचे. घराण्याचा धंदा धान्याचा, आणि स्वतः त्यांनीं टूथपेस्टच्या नळ्यांचा कारखाना काढलेला. त्याच घरानें १५ ऑगस्ट १९९९ रोजीं 'अल्फा मराठी' काढली. तिची बहीण 'अल्फा बांगला' हीहि त्याच वर्षीं निघाली. मराठी वाहिनीला ग्रीक वर्णमालेंतील अक्षर कां, हा प्रश्न आम्हीं तेव्हां स्टाफरूममध्यें मोठ्या तावातावानें मांडला होता. २००५ सालीं तें अक्षर गळून 'झी मराठी' हें नांव आलें. त्यानें आमच्या भाषाभिमानाचें समाधान झालें असें नाहीं.

केबलची तार गॅलरीच्या कठड्यावरून सरकत आली तेव्हां आम्हांस दादरच्या एका महाविद्यालयांत इंग्रजी शिकवूं लागून तीनचार वर्षेंच झालीं होतीं, आणि विद्वत्तेचा कैफ अजून उतरला नव्हता. "व्यापाऱ्याच्या तागडींत मराठी तोलूं द्यावयाची नाहीं," असें एक वाक्य आम्हीं उच्चारलें, आणि तार आमच्या दारावरून तशीच पुढें गेली. मातुःश्री कांहीं बोलल्या नाहींत.

दोनएक महिन्यांनीं एके रात्रीं आम्ही नेहमींपेक्षां लवकर घरीं आलों. गॅलरीच्या टोंकाला, पूर्वीं ज्या दारांत मोठीं माणसें उभीं राहत त्याच दारांत, मातुःश्री चौकटीला टेकून उभ्या होत्या. आंत जागा नव्हती. हातांत निवडावयाच्या मेथीची ताटली, आणि नजर पडद्यावर. विनय आपटे यांची 'आभाळमाया' चालली होती. सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी कोणाला तरी कांहीं समजावून सांगत होती. आम्हीं किंचित् चिडूनच विचारलें, "आई, इथें काय उभी राहतेस?" त्या म्हणाल्या, "अरे, ही बाईसुद्धां तुझ्यासारखीच कॉलेजांत शिकवते. पण घरीं आली कीं सगळ्यांशीं बोलते. म्हटलं, बघावं तरी कशी बोलते तें."

पुढच्या रविवारीं तार आमच्या घरांत आली. एवढ्यावरून आम्हीहि पाहूं लागलों असें मात्र वाचकांनीं समजूं नये. आम्ही आंतल्या खोलींत पुस्तक उघडून बसत असूं, आणि आवाज कमी करण्याविषयीं तेथूनच सूचना देत असूं.

आवाज भिंतींतून येतच राहिला, आणि ह्या वाहिनीचा इतिहास आम्हांला ठाऊक आहे तो बहुतेक त्या आवाजावरूनच. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून बेतलेली मालिका. खरें सांगावयाचें तर तिच्यासाठीं आम्ही दोनचारदां पाणी पिण्याच्या निमित्तानें बाहेर आलों आहों. २००४ पासून 'होम मिनिस्टर' सुरू झाला. आदेश बांदेकर 'भावोजी' होऊन घरोघर जात, गृहिणींना खेळ खेळवीत, आणि जिंकणारीला पैठणी देत. वाहिनीचा व वहिनींचा असा जुळलेला हा संबंध २०२२ पर्यंत टिकला. आम्ही त्याची थट्टा करीत असूं, मातुःश्री म्हणत, "तिला तिचं नांव तरी विचारतात ना, सगळ्यांच्या देखत." ह्या वाक्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, व अजून नाहीं.

प्रतिस्पर्धीहि आले. २००० सालीं हैदराबादच्या रामोजी रावांची 'ईटीव्ही मराठी' निघाली, आणि तिच्यावरील 'चार दिवस सासूचे'चे भाग तीन हजारांच्या वर गेले. मराठी म्हणींतले चार दिवस इतके कधींच लांबले नसतील. २००८ मध्यें 'स्टार प्रवाह' आली. तिची २०१९ मधील 'आई कुठे काय करते' ही बंगालींतील 'श्रीमोयी'वरून घेतलेली. आमच्या आजीच्या पिढीनें शरच्चंद्र वाचले ते मामा वरेरकरांच्या मराठींतून. तिच्या नातसुनाहि बंगाली घरांतलीं दुःखें मराठींतूनच पाहतात. मधल्या काळांत बंगाली शिकलेला एकहि मनुष्य आमच्या मजल्यावर निपजला नाहीं.

दूषणें काढावयाचीं तर तीं थोडीं नाहींत. मालिकांतला दिवाणखाना एवढा मोठा असतो कीं आमच्या मजल्यावरचीं सारीं बिऱ्हाडें त्यांत मावावीं. दुष्ट स्त्री मध्यरात्रींहि शालू नेसून कट करते. आणि 'मी तुला मदत करतों' असें म्हणावयाचें सोडून हिंदीच्या वळणानें 'मी तुझी मदत करतों' असें जो तो म्हणूं लागला आहे. हें सारें आम्हीं व्याख्यानांतून सांगितलें आहे व त्यांतला एकहि शब्द परत घेण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु आपल्या चिरंजीवांना इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत आम्हींच घातलें. जाऊ कोणाला म्हणतात, रुसवा व टोमणा यांत भेद काय, हें त्यांना कळलें तें आजीच्या शेजारीं बसून, त्याच पडद्यावरून. व्यापाऱ्यानें आमच्या भाषेला बाजारपेठ म्हणून ओळखलें; पण ओळखलें. त्याची कचेरी लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर आहे: कामगार-पुढाऱ्याच्या नांवाचा रस्ता, आणि आसपास भोंगे थांबलेल्या गिरण्यांच्या जागा. लालबाग-परळचीं माणसें डोंबिवली-बदलापुराकडे पांगलीं, तेव्हां त्यांच्या मागोमाग त्या नव्या ब्लॉकांत गेली ती ही वाहिनी. आमचे परिसंवाद दादरच्या पुढें गेले नाहींत.

मार्च २०२० मध्यें महामारीमुळें चित्रीकरण थांबलें व जुने भाग पुन्हां लागूं लागले. महाविद्यालयहि बंद, आंतल्या खोलींत चिरंजीवांचे वर्ग संगणकावर भरत, म्हणून आम्ही बाहेरच्या खोलींत, मातुःश्रींच्या शेजारीं. जुलैमध्यें नवे भाग आले. "सून सासूच्या पायां पडली, पण चार हातांवरून," एवढा अभिप्राय त्यांनीं पहिल्या दिवशीं दिला. मग दोन दिवसांनीं विचारलें, "ह्यांच्या घरांतल्या आज्या कुठें गेल्या रे?"

आम्हीं चौकशी केली. सरकारी नियमावलींत ६५ वर्षांवरील कलावंतांना चित्रीकरणास मज्जाव केला होता. मातुःश्रींना आम्हीं तें सांगितलें. त्या तेव्हां ७५ वर्षांच्या होत्या, आणि चार महिने जिना उतरल्या नव्हत्या. सरकारच्या नव्हे, आमच्या हुकुमानें. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांनाहि घरांतच ठेवलं."

७ ऑगस्ट रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें ती अट रद्द केली. बातमी आम्हींच मोठ्यानें वाचून दाखवली, ही आमची चूक. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मातुःश्रींनीं चपला घातल्या आणि न्यायालयाचा हवाला देऊन तळमजल्यापर्यंत जाऊन आल्या.

आतां त्यांनीं ऐंशी ओलांडली आहे. ऐकूं फार कमी येतें, आणि कानाचें यंत्र त्यांना मुळींच खपत नाहीं. संचाचा आवाज वाढवला तर शेजारचे खोकतात. त्यामुळें संध्याकाळीं आम्ही त्यांच्या शेजारीं बसतों आणि पात्रांचीं वाक्यें एकेक करून त्यांच्या कानाशीं पुन्हां म्हणतों. गेल्या महिन्यांत एक जुना विद्यार्थी प्रबंधाचें बाड घेऊन आला, तेव्हां आम्ही एका सासूचें वाक्य साधेल तेवढ्या ठसक्यानें म्हणत होतों. तो दारांतच थांबला. मातुःश्रींनीं त्याला हातानें आंत बोलावलें. "बस," त्या म्हणाल्या. "जाहिरात लागली कीं हा बोलेल तुझ्याशीं."