बंदा रुपया

दीपावलीच्या वहीपूजनासाठी व्यापारी घरांतून चांदीचे जे रुपये तिजोरीबाहेर काढले जातात, त्यांत राणीछाप आणि राजाछाप रुपयांचा मान मोठा. पूजन आटोपले की ते थैलीत परत जातात आणि वर्षभर त्यांची कोणास आठवण राहत नाही. मात्र काही जुन्या नाण्यांस चांदीच्या भावाहून अधिक मोल येते, हे कळल्यापासून नव्या पिढीचे लक्ष या थैल्यांकडे वळले आहे. फुलसावंगीसारख्या लहान बाजारपेठेतील घरांतही आता विचारले जाते की, हा रुपया खरा आहे काय, आणि खरा असल्यास किती चांगला आहे?

या भागातील थैल्यांत दोन राज्यांची नाणी निघाली तर नवल मानू नये. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला. पैनगंगेच्या पलीकडे निजामाचे राज्य कायम राहिले. इंग्रजी रुपया यंत्रावर पाडलेला म्हणून ‘कलदार’ आणि निजामाचा तो ‘हालीसिक्का’. कलदाराचे वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात हजारी सुमारे 917 चांदी. हालीसिक्का सुमारे 11.18 ग्रॅम वजनाचा आणि हजारी 818 चांदीचा. 1940 पासूनच्या राजाछाप रुपयात तर चांदी निम्मीच उरली. सर्व रुपये एकाच भावाने तोलणारा म्हणूनच प्रथम फसतो.

खरेखोटे पाहताना सराफी काट्यावरील वजन ही पहिली पायरी. फार वापरलेला रुपया थोडा हलका भरतो. पण वजन जास्त भरले किंवा फारच कमी भरले, तर शंका घ्यावी. त्यानंतर भिंगातून अक्षरे न्याहाळावीत. टांकसाळीत ठशाने पाडलेल्या नाण्याची अक्षरे रेखीव असतात. साच्यात ओतलेल्या नकलेवर ती बोथट दिसतात आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे आढळतात. कडेचे दाते सारखे आहेत काय, मध्ये जोडाची रेघ आहे काय, हेही पाहावे. सालाकडे विशेष लक्ष द्यावे. 1911 च्या रुपयावर राजाच्या पोशाखावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाल्याने बहुतेक नाणी वितळविण्यात आली. 1939 सालचा रुपयाही दुर्मीळच. जेथे दुर्मीळता, तेथे नकलाकार हजर. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि देवदेवतांची चित्रे असलेले 1818 सालचे म्हणून जे तुकडे विकले जातात, ते तर कंपनीने कधी पाडलेच नव्हते.

नाणे खरे ठरले तरी परीक्षा संपत नाही. राणीच्या गालावरचा, केसांवरचा आणि मुकुटावरचा उंच भाग आधी झिजतो. तो जितका शाबूत, तितका दर्जा वरचा. येथेच आपल्या घरांतील चांगली सवय आड येते. चिंच, राख किंवा पावडर लावून दरवर्षी घासलेला रुपया लखलखतो खरा, पण त्याची मूळ कांती जाते आणि पृष्ठभागावर बारीक चरे राहतात. न घासलेल्या नाण्यावरची काळसर झाक पारखी माणसास अधिक प्रिय असते. हारात ओवण्यासाठी कडी झाळलेला रुपया, कडी काढून कानशीने साफ केला तरी, संग्राहकाच्या दृष्टीने जखमीच राहतो.

एका कुटुंबात वडिलांच्या पश्चात थैलीतील रुपये तिघा भावंडांत वाटावयाचे होते. मोजून सारखे तीन भाग करणे सोपे होते. धाकट्या भावास नाण्यांची जाण होती. चकचकीत रुपये ताईस देऊन काळपट रुपये स्वतःकडे ठेवले असते, तर कोणास शंकाही आली नसती. उलट ताईस चांगला वाटा दिला असेच सर्वांनी म्हटले असते. त्याने पांढऱ्या कापडावर सर्व नाणी मांडली, कोणते कशाने मोलाचे आणि कशाने उणे ते समजावून सांगितले आणि म्हणाला, “ताई, आता तू आधी निवड.” ताईने कडी काढल्याच्या खुणा असलेले सात रुपये प्रथम उचलले. ते आईच्या हारातील होते. मग तिचा वाटा पुरा होईपर्यंत धाकट्याने आपल्या हाताने काळपट रुपये तिच्यापुढे ठेवले.

अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ हा एक आहे. चांगल्याच्या जागी तसेच दिसणारे हलके देणे, असा त्याचा अर्थ. खोटे नाणे खरे म्हणून विकणे हा दोष सर्वांस दिसतो. खरेच नाणे, पण त्याची घासणी किंवा झाळ झाकून विकणे, हा त्याचाच धाकटा भाऊ होय. नाण्याचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास नाही, अशा वेळी तो बोलून दाखविणे हे श्रावकाचे कर्तव्य आहे. घरातल्या घरात तर ते अधिकच, कारण तेथे समोरचा माणूस काटा आणि भिंग घेऊन बसलेला नसतो.

यंदाच्या वहीपूजनाआधी प्रत्येक घराने एवढे करावे. पूजेसाठी दोन-चार रुपये वेगळे काढावेत आणि ते खुशाल घासावेत. उरलेले न घासता, कडेला धरून, एकेक स्वतंत्र कागदी पाकिटात ठेवावेत. पाकिटावर साल, वजन आणि काही उणे असल्यास तेही स्पष्ट लिहावे. पुढे वाटणीची किंवा विक्रीची वेळ येईल, तेव्हा ती नोंद पाहून निवडण्याचा हक्क सर्वांस सारखा राहील.